कुंभार, वारूळ आणि पेशी

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही नाही. आज एक प्रश्न घेऊन आलो आहोत. हा प्रश्न आमचा नाही, आपल्या गटांतल्या बायकांच्या मुलींचा आहे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’चा आहे. तो वाचून मुली विचारतात, ‘पेशी एवढीशी, पण तिच्या आत अख्खा कारखाना. हे आपोआप कसं झालं असेल? कुणीतरी डोकं लावून घडवलं असणारच ना?’

या प्रश्नाला हसायचं कारण नाही. मोठमोठ्या पंडितांनी हाच प्रश्न विचारला आहे. २००५ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयात तो सहा आठवडे चालला. दाव्यावर एका आईचं नाव होतं. आज ती गोष्ट सांगायची आहे, पण जरा मागून सुरुवात करू.

आपल्याकडे हा वाद कुंभारावरून झाला. न्यायदर्शनाचे पंडित म्हणत, मडकं दिसलं की कुंभार असणारच, मडकं आपोआप होत नाही. तसंच हे जग दिसतं आहे, तर त्याचाही कर्ता असणार. सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा सगळा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठीच लिहिला. पण त्यांच्याही आधी, सातव्या शतकात, धर्मकीर्ती नावाच्या बौद्ध पंडिताने यावर एक साधा सवाल टाकून ठेवला होता. मडकं मातीचं आणि वारूळही मातीचंच. मग वारूळही कुंभारानेच केलं म्हणायचं का? बांधावरचं वारूळ आपण रोज बघतो. आत वाटा, कप्पे, हवा खेळायला जागा. पण तिथे कुणी गवंडी नाही, नकाशा नाही. हजारो वाळव्या आपापलं छोटं काम करतात आणि त्यातून ते उभं राहतं. आम्हाला विचाराल तर या वादातलं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच. ते आपल्या देशातलं आहे आणि तेराशे वर्षांहून जुनं आहे. तरी शाळेत कुणी सांगत नाही.

इंग्लंडात हेच १८०२ साली विल्यम पेली नावाच्या धर्मगुरूने घड्याळावरून मांडलं. माळरानावर घड्याळ सापडलं तर ते कुणीतरी बनवलंय हे कळतंच. मग माणसाचा डोळा तर घड्याळाहून नाजूक, तो कुणी बनवला? तरुणपणी चार्ल्स डार्विनने पेलीचं पुस्तक आवडीने वाचलं होतं. १८५९ साली त्याच डार्विनने वेगळं उत्तर दिलं. पेरणीसाठी आपण टपोरं कणीस बाजूला ठेवतो, बारीक दाणे दळायला घेतो. पिढ्यान्‌पिढ्या असं केलं की वाणच बदलतो. निसर्गात निवडणारं कुणी नसतं, पण जगणं आणि मरणं हीच निवड होते. जो तगतो त्याची पिल्लं वाढतात. डोळ्याचंही तसंच. गांडुळाला डोळे नाहीत, पण उजेड-अंधार कळणाऱ्या पेशी त्याच्या कातडीत असतात. समुद्रातल्या नॉटिलसच्या डोळ्याला भिंग नाही, नुसतं बारीक छिद्र आहे. अर्धवट म्हणावा असा प्रत्येक डोळा कुणा ना कुणाच्या उपयोगी पडतो आहे.

ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. २००२ साली आपल्याकडे बीटी कापूस आला. त्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष होतं. अळ्या मेल्या, पण कोट्यवधी अळ्यांमध्ये काही थोड्या अशा होत्या की त्यांना ते विष बाधलं नाही. त्यांचीच पैदास वाढली. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाचीच बोंडं पोखरली, ते आपण बघितलं. ती अळी कुणी नव्याने घडवली नव्हती.

आता पेशीकडे येऊ. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात मठातल्या साधूंच्या खोल्यांसारखे कप्पे दिसले. त्या खोल्यांना इंग्रजीत ‘सेल’ म्हणत, तेच नाव पेशीला पडलं. डार्विनच्या काळापर्यंत पेशीत फार काही दिसत नव्हतं. एक थेंब, मधे गडद ठिपका, एवढंच. पुढे विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि आतलं सगळं उघडं पडलं. प्रथिनं तयार करणारी यंत्रं, माल वाहून नेणाऱ्या वाटा, कचरा जिरवणाऱ्या पिशव्या, ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका. आपल्या एका शरीरात अशा सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. तेव्हा मुलींना आश्चर्य वाटतं ते बरोबरच आहे. ज्याला वाटत नाही त्याने धडा नीट वाचलेला नाही.

या तंतुकणिकांची हकीकत एका बाईने लावली, म्हणून तिथे थोडं थांबू. लिन मार्गुलिस तिचं नाव, अमेरिकेची. तिने एक लेख लिहिला. फार प्राचीन काळी तंतुकणिका हे स्वतंत्र जंतू होते, ते एका मोठ्या पेशीच्या आत शिरले आणि तिथेच राहिले, असं त्यात म्हटलं होतं. जंतूने ऊर्जा द्यायची, पेशीने आसरा द्यायचा. कल्पना अगदीच नवी नव्हती, आधीही एकदोघांनी तसं सुचवलं होतं, पण हसण्यावारी गेलं होतं. तिचा लेखही पंधराएक नियतकालिकांनी परत पाठवला. शेवटी १९६७ साली तो छापून आला. तेव्हा ती २९ वर्षांची होती. पुढे तपासणी झाली. तंतुकणिकेला स्वतःचं वेगळं आनुवंशिक द्रव्य असतं, ते जंतूंसारखं गोल असतं. तिला दुहेरी आवरण असतं. पेशी तिला घडवत नाही, ती स्वतःच विभागून वाढते. तिच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना केली तेव्हा तिचं नातं जंतूंशीच निघालं. या तंतुकणिका आपल्याला आईकडून येतात, आईला तिच्या आईकडून. बापाच्या वारसाहक्कात त्या नाहीत.

म्हणजे पेशीतला एवढा मोठा भाग कुणी आराखडा काढून बसवलेला नव्हता. वेगवेगळे दोन जीव एकत्र नांदले आणि त्यातून नवं काही उभं राहिलं. बचत गटातल्या बाईला हे पटायला जड जाऊ नये.

पण ‘कुणीतरी घडवलं’ म्हणणारे गप्प बसले नव्हते. १९९६ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लीहाय विद्यापीठातले जीवरसायनाचे प्राध्यापक मायकल बीही यांनी एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण विरोधकांनी ते बरेचदा चुकीचं सांगितलं आहे. बीही माकड-माणसाचा समान पूर्वज मान्य करतात. बोंडअळीसारखे बदल होतात, हेही त्यांना मान्य. त्यांचा आक्षेप पेशीतल्या यंत्रांबद्दल आहे. उंदराचा लाकडी सापळा घ्या, ते म्हणाले. फळी, स्प्रिंग, दांडा, अडकवण, पकड असे त्याचे पाच भाग. एक काढला तर उंदीर थोडा कमी सापडेल असं होत नाही, सापळाच निकामी होतो. काही जंतूंना पोहायला शेपटी असते, कशाभिका म्हणतात तिला. तिच्या मुळाशी खरोखरची फिरणारी मोटर असते. तिला तीस-चाळीस प्रकारची प्रथिनं लागतात. त्यातलं एक काढलं तर मोटर बंद. मग अर्धी मोटर कुणाच्या काय कामाची? ती थोडी थोडी कशी घडली असेल? म्हणून ती बुद्धीनेच रचलेली असणार. या विचाराला नाव मिळालं ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे बुद्धिमान रचना. रचणारा कोण, हे मात्र ते मुद्दाम सांगत नसत.

डोव्हर हे त्याच राज्यातलं छोटं गाव. तिथल्या शाळा चालवायला मतदानाने निवडलेलं मंडळ असतं. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीपेक्षा त्याला खूपच जास्त अधिकार असतात. १८ ऑक्टोबर २००४ ला त्या मंडळाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला. नववीच्या मुलांना डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटींची आणि बुद्धिमान रचनेची जाणीव करून द्यायची. विरोधात मत देणाऱ्यांपैकी केसी ब्राऊन आणि त्यांचे पती जेफ यांनी तिथल्या तिथे राजीनामे दिले. वर्गात एक छोटं निवेदन वाचायचं ठरलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. जे विज्ञान नाही ते विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणं आमच्या पेशाच्या नियमात बसत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. नोकरी त्यांचीही होती, पोटं त्यांनाही होती. शेवटी २००५ च्या जानेवारीत अधिकाऱ्यांनी स्वतः वर्गात जाऊन ते वाचलं.

त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, ११ पालक न्यायालयात गेले होते. यादीत पहिलं नाव टॅमी किट्झमिलर यांचं होतं. दोन मुलींची आई, त्यातली एक नववीत. या खटल्याने तिला काही मिळणार नव्हतं. उलट गावात वैर आलं, शिव्याशापांची पत्रं आली. अमेरिकेच्या घटनेनुसार सरकारी शाळेला कुठल्याही धर्माची शिकवण विज्ञान म्हणून देता येत नाही. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बायबलातली सृष्टीची कथा विज्ञानाच्या वर्गातून बाहेर काढली होती. पालकांचं म्हणणं एवढंच होतं की तीच गोष्ट नवं नाव लावून परत आणली आहे.

सुनावणी २६ सप्टेंबर २००५ ला सुरू झाली. पालकांच्या बाजूने पहिले साक्षीदार केनेथ मिलर. ते पेशींचे अभ्यासक आणि श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी मोटरचाच मुद्दा घेतला. कशाभिकेच्या मुळाशी असलेल्या प्रथिनांपैकी दहाएक प्रथिनं दुसऱ्या एका यंत्रात तशीच सापडतात. ते यंत्र म्हणजे काही जंतूंची सुई. ती सुई दुसऱ्याच्या पेशीला टोचून आत विष सोडते. ही सुई फिरत नाही, पोहत नाही, पण तिचं काम ती चोख करते. म्हणजे मोटरचे बरेचसे भाग काढले तरी उरतं ते निरुपयोगी नसतं, फक्त काम वेगळं असतं. आधी सुई की आधी मोटर, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण अर्धी मोटर कुणाच्याच कामाची नाही, हा दावा तिथे कोसळला. सापळ्याचंही मिलर हसत सांगत, की दोन भाग काढले तर उंदीर धरता येणार नाही, पण टायची पिन म्हणून छान चालतो. तशी पिन लावून ते व्याख्यानं देत.

ही सुई बाळगणाऱ्या जंतूंत एक प्लेगचा जंतू आहे. हा जंतू आपल्याला परका नाही. १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, त्या याच जंतूने. तेव्हा देवीचा कोप म्हणणारे होतेच. पण १८९४ साली हाँगकाँगमध्ये जंतू सापडला होता, आणि सावित्रीबाई गेल्या त्याच्या दोनच महिने आधी मुंबईत हाफकिनने लस तयार करून स्वतःला टोचून घेतली होती. अमेरिकेतल्या न्यायालयात त्याच जंतूच्या सुईचा पुरावा म्हणून उल्लेख व्हावा, हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला. ती सुई कशी चालते ते शोधणाऱ्यांनी ‘कुणीतरी घडवली असेल’ म्हणून हात टेकले असते तर पुढचं काहीच कळलं नसतं. आणि तसंही, घडवणारा मानलाच तर सावित्रीबाईंना मारणारी सुईही त्यानेच मन लावून घडवली असं म्हणावं लागतं. हे कुणा भक्ताला आवडेल, आम्हाला वाटत नाही.

मग बीही स्वतः साक्षीला उभे राहिले. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने कशी घडली याला विज्ञानाकडे उत्तर नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. वकिलाने त्यांच्यासमोर एकेक करून ५८ शोधनिबंध आणि ९ पुस्तकं रचली. ती पुरेशी नाहीत, एवढंच ते म्हणाले. आणखी एक प्रश्न असा होता की विज्ञानाची तुमची जी व्याख्या आहे त्यात ज्योतिषही बसेल का? बसेल, असं त्यांना कबूल करावं लागलं.

खरा पुरावा मात्र बार्बरा फॉरेस्ट यांनी आणला. त्या लुइझियाना राज्यातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक. ज्या पुस्तकाच्या ६० प्रती शाळेला फुकट मिळाल्या होत्या, त्या पुस्तकाचे जुने कच्चे मसुदे न्यायालयाने मागवून घेतले होते. फॉरेस्ट यांनी ते ओळीओळीने लावून बघितले. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यांत ‘ईश्वरी निर्मिती’ होती. निकालानंतर त्याच वाक्यांत तो शब्द काढून ‘बुद्धिमान रचना’ घातला होता. बाकी वाक्य तेच. एका ठिकाणी तर बदलताना घाई झाली. ‘क्रिएशनिस्ट्स’ या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेपूट तसंच राहिलं, मधेच ‘डिझाइन प्रोपोनन्ट्स’ जाऊन बसलं. कुठल्याच भाषेत नसलेला एक शब्द तयार झाला. हिशोबाच्या वहीत खाडाखोड केलेला आकडा आपल्या गटाची सचिव जशी पकडते, तसं हे पकडलं गेलं. पुस्तकाच्या प्रती कुणी दिल्या हे माहीत नाही असं मंडळातल्या लोकांनी आधी शपथेवर सांगितलं होतं. पैसे एका सभासदानेच चर्चमध्ये गोळा केले होते, तेही उघड झालं. त्यावर न्यायाधीशांनी स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

निकाल यायच्या आधीच, ८ नोव्हेंबरला, गावात निवडणूक झाली. मंडळाच्या ज्या आठ जणांच्या जागा मतदानाला होत्या ते आठही जण पडले. २० डिसेंबर २००५ ला न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला. त्यांना राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलं होतं, आणि बुश यांनी तर त्याच वर्षी दोन्ही बाजू शिकवाव्यात असं मत दिलं होतं. तरी निकाल सरळ होता. बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही, ती धार्मिक श्रद्धा आहे आणि विज्ञानाच्या वर्गात तिला जागा नाही. विज्ञानातल्या एखाद्या गोष्टीचं उत्तर अजून सापडलेलं नाही, एवढ्यावरून दुसरी बाजू आपोआप खरी ठरत नाही, हा निकालातला मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘मूल का होत नाही कळत नाही, म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं असणार’ असं म्हणत आपल्याकडे किती जणींचं आयुष्य नासलं आहे, ते आपल्याला माहीत आहे.

निकालानंतर धमक्या आल्या, न्यायाधीशांच्या घराला पहारा ठेवावा लागला. खटल्याचा सुमारे दहा लाख डॉलर खर्च शाळा मंडळावर पडला, म्हणजे गावाच्याच करातून गेला. ठराव करून गेलेल्यांच्या खिशातून काही गेलं नाही. नव्या मंडळाने जानेवारीत तो ठराव रद्द केला.

आपल्याकडे न्यायालयात असं काही झालं नाही, पण विषय दूरचाही नाही. २०१८ च्या जानेवारीत केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत सांगितलं की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून त्याला लेखी उत्तर दिलं. २०२३ साली केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र तो धडा पहिलाच आहे, हे सुरुवातीला सांगितलंच.

काही जणींनी विचारलं, मग देव्हारा काढून टाकायचा का? डोव्हरच्या पालकांपैकी कित्येक जण चर्चला जाणारे होते. मिलर आजही जातात. घडवणारा आहे की नाही यावर न्यायालयाने निकाल दिलेला नाही. तो दावा खरा असेलही, पण तो तपासून बघता येत नाही, म्हणून विज्ञान नाही, असं त्यांनी लिहिलं.

आणि पहिली पेशी कशी झाली, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. १९५३ साली स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने काचेच्या भांड्यांत पाणी आणि काही वायू भरून त्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवडाभरात त्यात अमिनो आम्लं तयार झाली. प्रथिनं यांचीच बनतात. त्या वेळच्या काही प्रयोगांतलं उरलेलं त्याने छोट्या बाटल्यांत भरून ठेवून दिलं. २००७ साली तो वारला. त्याच्या शिष्यांनी त्या बाटल्या काढल्या आणि नव्या यंत्रांनी तपासल्या. पन्नास वर्षांपूर्वी त्याला दिसली होती त्याहून कितीतरी जास्त, वीसहून अधिक प्रकारची अमिनो आम्लं त्यात निघाली. पेशी मात्र त्यात नव्हती.